ठमाबाईची पडकई

परत येऊन आता बरेच दिवस झाले. फिल्म पूर्ण झाली, कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवून झाली, टाळ्याही पडल्या. लोक भेटले की विचारतात, "काय मॅडम, कशी झाली ट्रिप?" मी म्हणते, छान झाली. जुन्नरकडची हवा छान, माणसं छान, मासवडी तर विचारूच नका. यातलं काही खोटं नाही. पण जे मनाला लागून राहिलंय ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि जे तिकडे कधी गेले नाहीत त्यांना ते एका वाक्यात सांगताही यायचं नाही. म्हणून सगळंच सांगते, पहिल्यापासून.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात माध्यमं शिकवते. म्हणजे कॅमेरा कुठे ठेवायचा आणि तोंड कधी बंद ठेवायचं हे मुलांना शिकवते. दुसरी गोष्ट मला स्वतःला अजून जमलेली नाही. आमच्या विभागाने ठरवलं की शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी मिळून एक माहितीपट करायचा. विषय निघाला जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरातल्या महादेव कोळी वाड्यांचा. तिथली तरणी माणसं पोटासाठी पूर्वेकडच्या बागायती गावांत उतरतात, वर म्हातारी माणसं राहतात, आणि वर्षागणिक वाडी थोडी थोडी रिकामी होते. ते टिपायचं. माझ्याबरोबर दोघं होती. कॅमेऱ्यावर सायली, हट्टी, एक शॉट मिळेपर्यंत पाणी न पिणारी. आवाजावर नचिकेत, जो सदान्‌कदा भुकेलेला असतो.

शिनोली

घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की शिनोली येतं. नचिकेतच्या आत्याच्या ओळखीच्या घरी उतरलो. त्या घरच्या काकूंनी तांदळाची भाकरी आणि उडदाचं घुटं वाढलं. घुटं म्हणजे उडदाची दाट, लसूण-मिरचीचा झणका असलेली आमटी. पुण्यात आम्ही उडीद डोशासाठी भिजत घालतो आणि मनात म्हणतो की उडीद आपल्याला कळला. नचिकेतने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण काकू म्हणाल्या, "खाऊ द्या की बाई. आवाज घ्यायचा तर अंगात जीव नको?"

पडकई हा शब्द मी इथेच नीट समजून घेतला. डोंगरउतारावर भात लावायचा तर आधी उतार फोडावा लागतो, दगडी बांध घालून माती भरावी लागते, तेव्हा कुठे पाणी धरणारं सपाट खाचर होतं. एका घराला हे काम झेपत नाही. म्हणून उन्हाळ्यात, शेतं रिकामी असताना, सगळी वाडी मिळून एका घराचं खाचर करते. मजुरी नाही. ज्याचं काम त्याने दुपारची भाकरी घालायची, आणि ज्या ज्या घरचं माणूस आपल्या कामाला आलं त्या त्या घरच्या कामाला आपल्या घरच्या माणसाने एकेक दिवस जायचं. याला फेड म्हणतात. फेड चुकवलेलं घर मी ऐकलेलं नाही, असं त्या घरचे काका म्हणाले.

आमच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली तर वरच्या मजल्यावरच्या आजोबांची भाजीची पिशवीसुद्धा कुणी उचलत नाही. मला तर हे ऐकूनच भरून आलं. सायली खुर्चीतून उठलीच. "मॅम, हेच! हीच आपली फिल्म!"

"आता कुठली पडकई पोरी," काका म्हणाले. "जेशीबी बोलवायचा, सकाळी आला की जेवायच्या टायमाला खाचर तयार. तुमी जुन्नरकडं, मढ गावाच्या अंगाला वर जावा. तिथं जेशीबी चढत न्हाई, म्हणून अजून माणूस माणसाला धरून हाये."

मढच्या वर

जुन्नरच्या बाजारात सायलीने टोपी घेतली आणि मी घाटात मळमळू नये म्हणून गोळी. जुन्नरच्या पुढच्या गणेश खिंडीत गोळीने दगा दिला. जीपवाला सभ्य माणूस, त्याने गाडी थांबवली आणि दुसरीकडे बघत राहिला. मढला उतरून पुढे पायवाट. एका बाजूला खाली धरणाचं पाणी, वर करवंदाच्या जाळ्या, आणि मध्ये मी, एका बुटाचा तळ निखळलेला. वाडी दिसायला लागली तेव्हा माझा बूट मगरीसारखा आ करून चालत होता.

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक बाई सुपात तांदूळ पाखडत होती. साठीच्या पुढची, काटकुळी, हनुवटीवर गोंदण, आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरावर ऐकू जावा.

"अगं बया, पुण्याचा बूट वर येईस्तोवर बी टिकला न्हाई!" ती म्हणाली, आणि हसत हसत आतून सुतळी घेऊन आली. माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन तिने तो बूट असा काही बांधला की पुढचे सगळे दिवस तो सुटला नाही. ही ठमाबाई.

आम्ही तिच्याकडेच राहिलो. नवरा जाऊन काही वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा सोमा, बायको आणि लेकीला घेऊन लोणीला गेलेला. लोणी म्हणजे आंबेगावच्या थेट पूर्वेला. तिथे एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांच्या शेडवर कामाला होता. खाली ठमाबाईचं एक चिमूटभर खाचर, त्याच्या वर मोठा मोकळा उतार. कॅमेऱ्याचा तिला भलता शौक. पहिल्या दिवशी तिने हिरवं लुगडं नेसून मुलाखत दिली, दुसऱ्या दिवशी म्हणाली, काल उगंच हिरवं नेसले, आज जांभळ्यात परत घ्या. सायलीने निमूटपणे परत घेतली.

दोन्ही लुगड्यांत ती एकच गोष्ट सांगत होती. "ह्यो उतार दिसतोय ना? ह्याचं खाचर झालं आसतं तर माझा सोमा खाली गेला नसता. इतकं भात झालं आसतं की चार तोंडं बसून खाल्ली आसती. आता मी एकटी. खाचर कोण करणार, आन् कुणासाठी? त्यानं परत यावं, माझं येवडंच मागणं हाये बघा."

वाडीत बरीच वर्षं पडकई झालेली नव्हती. सायली हिरमुसली. बुधाजी म्हणून वाडीतले जाणते गृहस्थ होते, पूर्वी तेच सगळ्यांना कामाला हाक द्यायचे. ते भल्या मनाने म्हणाले, "पावणं एवढ्या लांबून आल्यात, थोडी खोटी खोटी करून दाखवू की. चार माणसं उभी करतो, पहारी देतो हातात."

मी नकारार्थी मान हलवली. माहितीपटात खोटं उभं करायचं नाही, हे मी वर्गात टेबल आपटून सांगते.

"मग खोटी कशाला?" ठमाबाई सूप बाजूला ठेवून म्हणाली. "खरीच करा की! माझ्या उतारावर करा."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. बुधाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ठमे, काम होईल गं. पण एवढ्या घरांची फेड कोण करंल? तुझी ही हाडं?"

"सोमा करंल," ती म्हणाली. "त्याला यावंच लागंल. न येऊन सांगतो कुणाला!" आणि ती हसली. नचिकेतचा माईक चालू होता, सायलीचा कॅमेरा चालू होता. मी मात्र म्हातारीच्या डोक्यावर आपण हे काय ओझं टाकतोय, याच विचारात.

दोन दिवसांनी पडकई झाली. आता मी कितीही सांगितलं तरी तुम्हाला ते दिसायचं नाही. उन्हं वर यायच्या आधीच माणसं जमली. पुरुष पहारी आणि टिकाव घेऊन, बाया पाट्या घेऊन. एक म्हातारे बांधावर बसून ढोल वाजवत होते, घाव पडायचा तो ढोलाच्या ठेक्यावर. चेष्टा तर अशा की अर्ध्या मला लिहिता येणार नाहीत. दगड एका हातातून दुसऱ्या हातात, तिथून तिसऱ्या हातात, आणि बांध बघता बघता गुडघ्याएवढा. सायली कॅमेरा तिवईवर लावून पाट्या उचलायला गेली. नचिकेतने माईक काठीला बांधला आणि तोही गेला. मी सुतळीच्या बुटाने माती वाहिली, दोनदा पडले, आणि दोन्ही वेळा बायकांनी "बाई पडल्या, बाई पडल्या" म्हणून जो कल्ला केला तो फिल्ममध्ये आहे.

दुपारी झाडाखाली भाकरी, सुकट आणि कैरीचा ठेचा. ठमाबाई पदर खोचून वाढत होती. प्रत्येकाला नावाने हाक मारून, आग्रह करकरून. तिचं तोंड मी इतकं आनंदी परत कधी पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत उतार सपाट झाला. ती त्या मऊ मातीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालत गेली आणि तिकडूनच ओरडली, "सोमाला फोन लावा रं कुणीतरी!"

लोणी

मग आम्ही पूर्वेला उतरलो. एकाच जिल्ह्यात, पण मुलूखच वेगळा. झाडं मागे राहिली, माळ सुरू झाला, कालव्याचं पाणी पोचलं तिथे कांदा आणि ऊस, बाकी उघडं आभाळ. इथे माणसं पहाटे मोबाईलवर बाजारभाव बघतात. मढच्या वर अजून एकमेकांच्या चुलीचा धूर बघतात. मी कोण चांगलं ते सांगत नाही. वाडीत दवाखान्याला जायला अर्धा दिवस लागतो, आणि लोणीत सोमाची लेक सायकलवरून शाळेत जाते.

सोमा आईसारखा काटकुळा, पण बोलणं हळू. कोंबड्यांच्या शेडशेजारी एक खोली, दारात तुळस, आत टीव्ही. त्याच्या बायकोने, मंदाने, आमच्यासाठी मासवड्या केल्या होत्या. तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी आणि बरोबर लालभडक रस्सा. मासवडी मूळची तिच्या माहेरची नाही, खाली येऊन ती शेजारणीकडून शिकली. बदल म्हणतात तो असा ताटात दिसतो. नचिकेतची बोलती बंद झाली होती, ती जेवण होईपर्यंत सुरू झाली नाही.

मी सोमाला पडकईचे शॉट दाखवले. आईला लुगडं खोचून वाढताना बघून तो हसला. मग सपाट झालेल्या खाचराचा शॉट आला तेव्हा त्याने तो पुन्हा लावायला सांगितला.

"येवडं मोठं झालं व्हय," तो म्हणाला. "आता फेडीला जावं लागंल राव. शेटला सांगितलंय मी. तोंड वाकडं केलं त्यानं, पर जावं तर लागतंय. एवढ्या घरांचं अंगावर ठिवून न्हाई जमत. पंधरा-वीस दिस तरी वर राहावं लागंल."

"अन् आत्याबाई सोडतील होय नंतर?" मंदा चुलीपासून म्हणाली. "वर गेलो की म्हणतील, आता भात लावूनच जा."

"म्हणू दे की," सोमा म्हणाला. "पोरीची सुट्टी हाये. रमली वर, तर बघू."

हे सगळं मी ऐकलं. माझ्या या दोन कानांनी ऐकलं. आणि मला त्यातलं काय लागलं? शेटने तोंड वाकडं केलं, तेवढंच. आमच्या फिल्मपायी या माणसाची नोकरी जाणार, असं माझ्या मनाने घेतलं. मी म्हटलं, "सोमा, तुम्ही काळजी करू नका. हे आमच्यामुळे झालंय, आम्ही निस्तरतो. फेडीचं आमच्याकडे लागलं."

सोमाने मंदाकडे बघितलं. "तुमी कशाला मॅडम..." तो म्हणाला.

"नाही, नाही. ते माझ्यावर सोपवा."

आपल्याकडे 'कशाला, कशाला' म्हणजे 'करा' असंच धरायची रीत आहे. पुण्यात पाहुणा चहाला नको म्हणाला की आपण आधण ठेवतो. मी तिथेही आधण ठेवलं.

पुन्हा मढच्या वर

परीक्षा संपल्यावर आमच्या कॉलेजचं श्रमदान शिबिर असतं. दर वर्षी कुठेतरी भिंती रंगवतात नाहीतर चर खणतात. मी प्राचार्यांना गाठलं, फिल्मचे तुकडे दाखवले, आणि यंदाचं शिबिर मढच्या वर न्यायचं पक्कं केलं. पडकईत ज्या ज्या घरांनी ठमाबाईला दिवस दिला, त्या प्रत्येक घराच्या कामाला आमच्या मुलांनी जायचं. प्राचार्य म्हणाले, फार सुंदर कल्पना. सायली म्हणाली, मॅम, फिल्मला शेवट मिळाला. मीही स्वतःवर खूश होते, खोटं कशाला बोलू.

वाडीत गेल्या गेल्या ठमाबाईला सांगितलं. मुलं रांगेने वर येत होती, पाठीवर रंगीबेरंगी पिशव्या. ती ओट्यावर उभी होती.

"ही पोरं समद्यांकडं जानार?"

"सगळ्यांकडे! तुमच्या डोक्यावर आता कुणाचा एक दिवस राहणार नाही. सोमाला शेटची बोलणी खायला नकोत, अन् तुम्हालाही घोर नको."

"तुमी कशाला तरास घेता बाई," ती म्हणाली.

"त्रास कसला त्यात!"

"लांबून आलेली पोरं. ऊन किती हाये. ऱ्हाऊ द्या की." ती परत म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बुधाजींना शोधायला गेले.

बुधाजी मुलांकडे बघून विचारात पडले. टिकाव कुठून धरायचा हेही त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. "बाई, तुमचं तीन मिळून एक माणूस धरू," ते म्हणाले. "आन् ती जाड भिंगवाली हाय ती पाणी वाटील." मुलं खो खो हसली. पण पुढचे दिवस ती राबली, हे म्हटलं पाहिजे. हातांना फोड आले, नाकं सोलली, एकाला विंचू चावला आणि वाडीतल्या एका बाईने औषध लावून त्याला जीपने खाली दवाखान्यात धाडलं. दुसऱ्या दिवशी तो परत हजर. कुणाचा बांध दुरुस्त झाला, कुणाच्या विहिरीतला गाळ निघाला, कुणाच्या गोठ्याला माती लागली. एकेक घर फिटत गेलं. संध्याकाळी बुधाजी ओट्यावर येऊन सांगायचे, "ठमे, आज भागीचं फिटलं. आज धोंडूचं फिटलं." आणि ठमाबाई मान हलवायची.

ती गप्प गप्प होत चालली होती. मला वाटलं, एवढ्या मुलांचा गलबला, दमली असेल. सायलीने एकदा विचारलंही, "आजी, आज जांभळं लुगडं नेसता का? मुलाखत घेऊ." ती म्हणाली, "आता काय सांगायचं ऱ्हायलंय पोरी."

शेवटच्या दुपारी शेवटचं घर झालं. ढोलवाल्या म्हाताऱ्यांचंच होतं ते. मुलं नाचत नाचत परत आली. बुधाजींनी ठमाबाईला नारळ दिला. "ठमाबाई मोकळी झाली!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिला स्पीकर बंद करता येत नाही, म्हणून आम्ही सगळ्यांनीच ऐकलं.

"आई, फिटलं म्हणं समदं?"

"फिटलं बाबा."

"बरं झालं. शेटला सांगतो मंग, न्हाई जात म्हणून. आता हितं पिल्लांची नवी ब्याच बी आलीय." मागे मंदा काहीतरी म्हणत होती. "आई, दिवाळीला बघू. येतो."

"ये," ठमाबाई म्हणाली. "ये हां."

फोन ठेवून तिने नारळ उचलला, परत खाली ठेवला. मुलं पिशव्या भरायला पांगली. मी तिच्याजवळ बसले, कारण आता तिचं तोंड मला दिसलं होतं.

"ठमाबाई..."

"बाई, एक बोलू? राग नाय ना येनार?" ती जमिनीकडे बघत होती. "समद्यांचं कशाला फेडलं? एक घर ठेवायचं व्हतं."

मला पहिल्यांदा समजलं नाही. आणि मग एकदम समजलं. तिला ओझं नव्हतंच झालं. वाडीतल्या एवढ्या घरांचा एकेक दिवस, ही तिच्या लेकाला वर ओढून आणायची दोरी होती. आईच्या रडण्याने तो आला नसता, 'ये रे' म्हटल्याने आला नसता. फेडीसाठी मात्र आला असता. फेड चुकवणारा नव्हता तो. तो आला असता, राहिला असता, ते नवं खाचर त्याने पायाखाली घेतलं असतं. एवढं सगळं त्या बाईने तांदूळ पाखडता पाखडता जुळवलं होतं. आणि वाडीसमोर ती हे बोलणार कशी? लेक यावा म्हणून मी तुम्हाला राबवलं, असं तोंडावर म्हणायचं? म्हणून ती दोनदा नुसतं 'कशाला तरास' म्हणाली, आणि तिसऱ्यांदा म्हणायची मी तिला सवडच दिली नाही.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. नुसता झाला नाही, मी तो वाजतगाजत मिरवला.

पुण्यात एडिटिंगला बसलो तेव्हा सायलीने तो जुना शॉट लावला. "त्याला यावंच लागंल. न येऊन सांगतो कुणाला!" त्या वाक्यानंतरचं ठमाबाईचं हसणं मी पुन्हा पुन्हा बघितलं. घोर पडलेली बाई अशी हसत नाही. डाव जमलेली पोर हसते तसं ते हसणं आहे. तिथे उभी असताना मला ते दिसलं नव्हतं, आणि मी मुलांना बघायला शिकवते. सायली म्हणाली, मॅम, फिल्म इथे संपवू या. मी नको म्हटलं. फिल्म शिबिराच्या टाळ्यांवरच संपते. लोकांना तो शेवट फार आवडतो. नव्या खाचरात यंदा बुधाजींच्या घरच्यांनी वाट्याने भात लावला, हे त्यात नाही.

पण त्या दुपारचं थोडं राहिलं. आम्ही निघालो. मुलं पुढे उतरत गेली, नचिकेत माझ्याबरोबर होता. खालच्या जाळीपाशी तो थांबला. त्याने आमचं बोलणं ऐकलं होतं. आवाज ऐकणं हेच त्याचं काम.

"मॅम," तो म्हणाला, "पडकईच्या दिवशी आपण पण दगड उचलले होते. तिघांनी. भाकरी पण खाल्ली. आपली फेड कुठे झालीय?"

खरंच की! आमचं घर राहिलं होतं. मी तशीच मागे फिरले, ती चढण मी इतक्या वेगात कधी चढले नसेन. ठमाबाई ओट्यावरच बसलेली होती, नारळ तसाच शेजारी.

"ठमाबाई," मी धापा टाकत म्हटलं, "आमचं राहिलंय! आम्हीही काम केलं होतं तुमच्या खाचरात. आमचा दिवस आहे तुमच्या घरावर. सोमाला सांगा, फेड बाकी आहे म्हणावं!"

तिने मान वर केली. आठवून बघितलं असावं, कारण तोंड हळूहळू उजळलं. "व्हय की," ती म्हणाली. "तुमी दोनदा पडला व्हता. ती पोरगी बी पाट्या उचलत व्हती." ती उठून उभी राहिली, पदर सारखा केला, जणू आत्ताच फोन लावणार. मग थांबली.

"पर बाई, तुमचं वावर कुठंशी हाये?"

ती थट्टा करत नव्हती. सोमाला कुठे धाडायचं, तेच विचारत होती. वाडीतलं घर असतं तर तो वाडीत आला असता. मी पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरीत चार कुंड्या आहेत.

"नाही हो," मी म्हटलं. "वावर नाही आम्हाला."

"मंग त्यानं यायचं कुठं?" ठमाबाई म्हणाली.